पडदा जवळ होता, म्हणून पट्टे दिसेनात

भाचीचं बारावीचं प्रोजेक्ट: यंगचा दोन फटींचा प्रयोग. एकच प्रकाश दोन बारीक फटींतून सोडायचा, की पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घरातली खोली चिंचोळी, त्यात टेबल छोटं. काजळी धरलेल्या काचेवर, मध्ये कागद घातलेली दोन ब्लेडं एकत्र ओढून फटी पाडल्या. अंतर साधारण 0.2 मिमी. सीताबर्डीवरून आणलेला लाल लेझर लावला, पडदा 5 सेंमीवर. "मामा, पट्टे दिसूनच नाही राहिले!"

मी आधी फटींनाच दोष दिला, दोन काचा वाया घालवल्या. मग हिशेब केला. पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर. लाल लेझरच्या 650 नॅनोमीटर तरंगलांबीला 5 सेंमीवर ते येतं जेमतेम 0.16 मिमी. पट्टे होते, डोळ्याला दिसत नव्हते इतकंच. शिवाय हे सूत्र पडदा दूर असल्याचं गृहीत धरतं. दूर म्हणजे किती, त्याचं माप: फटींमधल्या अंतराचा वर्ग भागिले तरंगलांबी, म्हणजे इथे सुमारे 6 सेंमी. त्याच्या कितीतरी पलीकडे पडदा हवा. अगदी काही मिलिमीटरवर आणला तर दोन्ही फटींचा प्रकाश नीट पसरून एकमेकांवर पडतच नाही, दोन वेगळ्या रेघा दिसतात.

काच टेबलावरच ठेवली, पडद्याऐवजी 2.5 मीटरवरची भिंत घेतली. 8 मिमीचे टपोरे पट्टे! तरी थरथरत होते. मे महिना, कूलर टेबलाला टेकलेला. तो बंद केला, घामाघूम झालो, पण पट्टे स्थिर.

जागाच नसेल तर फटींपुढे बहिर्गोल भिंग धरून पडदा त्याच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात तिथे, ठेवा. दूरच्या पडद्यावरचीच नक्षी तिथे मिळते, फक्त बारीक. लेझरमध्ये थेट बघू नका.