एकाच रात्री दोनदा फिरणारे लॉग

एका पतसंस्थेचा उबुंटू सर्व्हर मी सांभाळते. ऑडिटसाठी दहा दिवसांपूर्वीचा एन्जिनएक्स या वेबसर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, हवा होता आणि तो कुठेच सापडेना. लॉगरोटेट हे साधन लॉग 'फिरवतं', म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतं. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये तर 'डेली' आणि 'रोटेट १४', म्हणजे रोज फिरवा आणि जुन्या १४ फाइली ठेवा, असं स्पष्ट लिहिलं होतं.

तुमच्याकडे असं झालं तर आधी लॉगचं फोल्डर उघडा आणि फाइलींचे आकार बघा. माझ्याकडे एक फाइल ३ एमबीची, पुढची १२ केबीची, मग परत ३ एमबीची, अशी रांग लागली होती. लहान फाइलीत जेमतेम पंधरा मिनिटांच्या नोंदी. म्हणजे लॉग रात्रीत दोनदा फिरत होता आणि १४ फाइलींत सातच दिवस मावत होते.

आता दुसऱ्यांदा लॉग कोण फिरवतंय ते शोधायचं. 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' चालवून लॉगरोटेटचा टायमर बघा. मग रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी), बाकी युजरांचे क्रॉनटॅब आणि क्रॉन-डॉट-डी फोल्डर. क्रॉन-डॉट-डेलीमध्येही लॉगरोटेटची स्क्रिप्ट दिसेल, तिला हात लावू नका. सिस्टिमडी, म्हणजे टायमर चालवणारी यंत्रणा, चालू असेल तर ती स्क्रिप्ट काही न करता स्वतःच बाहेर पडते.

मला रूटच्या क्रॉनटॅबमध्ये जुनी ओळ मिळाली. रोज ००:०५ ला स्वतःची वेगळी सेटिंग फाइल घेऊन सक्तीने, म्हणजे 'वजा एफ' लावून, लॉग फिरवणारी. जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, क्रॉन आणि लॉगरोटेट, दोन्हींच्या वेळा शेजारी ठेवल्या आणि ००:०५ नंतर ००:२० हे लगेच दिसलं.

मग आधीच फिरलेला लॉग लॉगरोटेटने दुसऱ्यांदा का फिरवला? मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला. उत्तर स्टेट फाइलमध्ये होतं. व्हार-लिब-लॉगरोटेटमधली 'स्टेटस' ही लॉगरोटेटची नोंदवही, कुठला लॉग शेवटचा कधी फिरवला ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या ओळीत 'वजा एस' देऊन वेगळीच वही दिली होती. दोन वह्या, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही.

उपाय असा: एका लॉगचा मालक एकच ठेवा. क्रॉनची ओळ काढा, तिच्या सेटिंगमधलं जे खरंच लागतं ते लॉगरोटेट-डॉट-डीमधल्या मूळ फाइलीत घाला. सेटिंगची जुनी प्रत त्याच फोल्डरमध्ये 'एन्जिनएक्स-जुनी' अशा नावाने ठेवू नका. तीही वाचली जाते आणि 'डुप्लिकेट लॉग एंट्री' अशी चूक येते. प्रत दुसरीकडे हलवा.

लॉग फिरल्यावर बॅकअप घ्यायचा असेल तर त्याला वेगळी वेळ देऊन अंदाजावर सोडू नका. टायमर ठरल्या मिनिटालाच सुटेल याची खात्री नसते आणि सर्व्हर बंद राहिला असेल तर तो चालू झाल्यावर सुटतो. बॅकअपची स्क्रिप्ट लॉगरोटेटच्या सेटिंगमधल्या 'लास्टअ‍ॅक्शन'मध्ये घाला, म्हणजे ती लॉग फिरल्यानंतरच चालेल.

बदल तपासताना लॉगरोटेटला 'वजा डी' लावा. त्यात काय होणार ते फक्त छापलं जातं, फाइली हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा आकार बघितले. रात्रीतून एकच नवी फाइल, पूर्ण दिवसाची.