मोठ्या जेटच्या मागून टॅक्सी करताना (छोटं विमान जमिनीवर चालवत नेताना)

सेस्ना १७२ सारखं विमान माणसं-इंधन धरून जेमतेम ११०० किलोचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) पूर्ण उतरवले तर ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७४ किमी) आसपासही ते हवेत तरंगू शकतं. मोठ्या जेटच्या इंजिनांमागचा झोत हा वेग सहज ओलांडतो. झोताचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून टॅक्सी करताना फ्लॅप वर आणि दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा.

जेट नुसतं उभं असेल तर झोत बेताचा वाटतो आणि तिथेच फसगत होते. जड विमान जागचं हलवायला वैमानिकाला थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) वाढवावा लागतो. त्यात ते वळू लागलं की शेपटीमागचा झोत झाडूसारखा आडवा फिरतो. विमानावरचा लाल दिवा (बीकन) लुकलुकतोय म्हणजे इंजिनं चालू आहेत किंवा आता होतील, असंच धरा. मागून जाण्याआधी ग्राउंड कंट्रोलला (जमिनीवरच्या विमानांना सूचना देणाऱ्या कक्षाला) सरळ विचारा, 'ते विमान हलणार आहे का?' पुढे जायची परवानगी मिळाली, तरी झोतापासून अंतर राखणं तुमच्याकडेच असतं. शंका असेल तर थांबा, रेडिओवर तसं सांगा. जागा असेल तर नाक झोताकडे करून थांबा. शेपूट कधीच नको.

मागून तिरपा येणारा झोत सगळ्यात वाईट, कारण तो पंखाखाली शिरून मागची बाजू उचलतो. झोत डावीकडून मागून येत असेल तर योक (विमानाचं स्टिअरिंग) उजवीकडे आणि पुढे. डावीकडून पुढून येत असेल तर योक डावीकडे, एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती पट्टी) मध्यावर. हे नोजव्हीलच्या, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या, विमानासाठी. योक दोन्ही वेळा घट्ट धरा, नाहीतर एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) स्टॉपवर, म्हणजे त्यांची हालचाल थांबवणाऱ्या अडणीवर, आपटतात.

जेटच्या पुढेही फार जवळ जाऊ नका. उंच कॉकपिटमधून नाकाखालचं दिसत नाही, आणि कित्येक जेटमध्ये वैमानिकाला स्वतःच्या पंखाचं टोकही दिसत नाही. मागे झुकलेल्या पंखाचं टोक वळताना बाहेर फेकलं जातं. सरळ जाताना पुरेशी वाटलेली जागा तेव्हा पुरत नाही. घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरपासून त्याच्या फिरत्या पात्यांच्या वर्तुळाच्या (रोटरच्या) व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवा.

झोत बसलाच तर उड्डाण नको. इंजिन बंद करून रडर (शेपटीवरची उभी हलती पट्टी), एलिव्हेटर, एलेरॉनच्या बिजागऱ्या आणि स्टॉप हाताने तपासा. प्रोपेलरच्या कडेवर बोट फिरवून झोताने उडालेल्या खडीचे ओरखडे शोधा.