वस्तीत रॅपचा सायफर कसा जमवायचा

सायफर म्हणजे रॅपरांचं रिंगण: मधोमध एक जण, बाकीचे भोवती, आणि पाळी फिरत राहते. ताडीवाला रोडवरून रॅपर एमसी स्टॅन निघाला आणि पुण्यातल्या गल्लीगल्लीत पोरं माइकची स्वप्नं बघू लागली. पण स्टुडिओचे पैसे जमेपर्यंत थांबायचं कारण नाही. आधी माणसं जमवा.

१. सहा-सात जण पुरे. सगळे रॅपरच हवेत असं नाही. एक बीटबॉक्स करणारा (तोंडाने ढोल-ताशासारखा ताल काढणारा), एक मोबाइलवर शूट करणारा, आणि जमलं तर वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीतला ढोलकीवाला काका. त्याला नक्की बोलवा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक यांची गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला निषेध तालात कसा बसवतात हे शिकवावं लागत नाही, आणि तो रिंगणात बसला की 'पोरं काय धिंगाणा घालतायत' ही कुरकुरही निम्मी होते.

२. जागा आणि वेळ. समाजमंदिर, मैदानाचा कोपरा, कुणाची गच्ची. स्पीकर नको, लावायचाच तर पोलिसांची परवानगी काढा, रात्री दहानंतर तर नाहीच. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत गप्प बसा, शेजारी कायमचे तुटतात. संस्थेच्या आवारात शूट करणार असाल तर परवानगी लेखी घ्या. २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत रॅपचं शूटिंग केल्यावरून गुन्हा दाखल झाला होता.

३. लिहिणं. खरी मेहनत इथे आहे. 'सिस्टम', 'सत्ता' असले मोघम शब्द पहिल्या खर्ड्यातच खोडा. त्याऐवजी एक नळ, एक गटार, एक नोटीस धरा. दांडेकर पुलाजवळच्या पोराने आंबिल ओढ्यावर लिहायचं तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर आणि जून २०२१ मध्ये घरांवर झालेली कारवाई, दोन्ही तारखा त्याला तोंडपाठ हव्यात. जे माहीत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कागद हातात असलेला रॅपर सहसा दबत नाही. एखाद्याचं नाव घेऊन आरोप करणार असाल तर पुरावा हवाच, नाहीतर बदनामीचा दावा अंगावर येतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून नवशिक्याची प्रत्येक ओळ 'आहे' किंवा 'झालं'वर आपटते. नाम शेवटी ढकला:

फ्लेक्सवर हसतो साहेब, खाली तुंबलंय गटार
अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिस, दुपारीच बंद दार

आई-बहिणीवरच्या शिव्या टाळा. त्या साहेबाला लागत नाहीत, रिंगणात उभ्या राहू पाहणाऱ्या मुलीला लागतात. आणि मुंबईची बंबैया हिंदी उसनी आणू नका, तुमच्या गल्लीत बोलतात तेच बोला.

४. ताल. ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचा, साधा बीट (मागे वाजणारा ताल) घ्या. चार ठोक्यांचा एक बार, सोळा बारचं एक कडवं, म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. एवढ्यात एकच मुद्दा मावतो.

५. रिंगणाचे नियम. पाळी प्रत्येकाची, अडखळला तर बाकीच्यांनी हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, उचलायचा. डिस, म्हणजे रॅपमधून समोरच्याची खिल्ली, करायचंच तर लिखाणावर; जात, रंग, घर यांवर नाही. नवीन आलेल्याला पहिली पाळी देऊ नका, बिचारा घाबरतो. तिसरी-चौथी द्या.

६. गाणं बाहेर काढणं. पांघरुणाखाली मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंगही सुरुवातीला चालतं. यूट्यूबवरचे 'फ्री' बीट बहुतेक वेळा फक्त विनाकमाई वापरासाठी असतात, अटी वाचा. आणि गाणं टाकण्याआधी शब्द कुणाचे, बीट कुणाचा, पैसे आलेच तर वाटा कुणाला किती, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ढोलकीवाल्या काकांचीसुद्धा.