पोवाड्याचं नवं संगीत संयोजन रेकॉर्ड करताना

पोवाडा नव्या वाद्यांसह रेकॉर्ड करायचा तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका. लय शाहिराच्या आणि डफाच्या हातात राहील, बाकी सगळी वाद्यं तिच्यामागून येतील. आधी कीबोर्ड-गिटारचा ट्रॅक बांधून त्यावर शाहिराला उभं केलं, की लढाईच्या चौकातही (चौक म्हणजे पोवाड्याचा एक खंड) तो मोजून-मापून गातो आणि पोवाड्याचं समूहगीत होऊन बसतं.

सुरुवात संहितेपासून. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा किंवा तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा अख्खा घेतला तर रेकॉर्डिंग फार लांबतं. सात-आठ मिनिटांसाठी पाच-सहा चौक पुरतात. चौक गाळताना कथेचा सांधा तुटू देऊ नका. खान निघाल्याचा चौक काढून थेट भेटीवर आलात, तर ऐकणाऱ्याला ताण कळतच नाही. शेवटच्या चौकातली शाहिराची नाममुद्रा मात्र कधीही कापू नये. ती रचनाकाराची सही आहे.

हक्कांचं आधी बघून घ्या. शिवकालीन रचना खुल्या आहेत, पण विसाव्या शतकातल्या शाहिरांच्या सगळ्याच नाहीत. भारतात रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांसाठी २०२९ संपेपर्यंत परवानगी लागते. जुन्या शब्दांना एखाद्या अलीकडच्या शाहिराने बांधलेली चाल वापरत असाल, तर चालीचा हक्क वेगळा.

आता सूर. तुणतुणं, हार्मोनियम आणि गळा एका सुरात आणताना क्रम हार्मोनियमपासून धरा, कारण तिचा सूर जागेवर बदलता येत नाही. तिच्यावर तुणतुणं लावा. तुणतुण्याची तार चामड्यावर ओढलेली असते, त्यामुळे खोलीतली हवा बदलली की सूर सरकतो. प्रत्येक टेकआधी खुंटी तपासा. स्टुडिओत शाहिराची पट्टी एक-दीड सुराने खाली आणायचा मोह होतो. आणू नका. मैदानात आवाज फेकताना येणारी धार त्या उंचीतूनच येते.

डफ रेकॉर्डिंगच्या किमान अर्धा तास आधी त्याच खोलीत आणून ठेवा. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि थाप बसकी येते. एसीच्या कोरड्या हवेत ते ताणून सूर वर चढतो. शेकायचा असेल तर आचेपासून हातभर लांब धरून फिरवत शेका. एकाच जागी धरला तर चामडं करपतं, पुढे तिथूनच फाटतं. प्लॅस्टिकच्या पानाचा (म्हणजे पडद्याचा) डफ हवामानाला दाद देत नाही हे खरं, पण त्याची थाप लांबत राहते आणि भराभर येणाऱ्या शब्दांवर पसरते.

शाहीर, डफ आणि झीलकरी (मागून साथ देणारे गायक) पहिल्या टेकला एकाच खोलीत हवेत. हा मुद्दा सोडू नका. ‘जी जी रं जी’ ही झील शाहिराचं शेवटचं अक्षर संपायच्या आत उचलली जाते आणि त्या उचलीतच पोवाड्याचा जोर आहे. झील दुसऱ्या दिवशी हेडफोनवर गाऊन घेतली, की अक्षर संपल्यावर नीट रांगेत येते आणि चौक तिथे थांबल्यासारखा वाटतो. गर्दीचा भास हवा असेल तर झीलकऱ्यांच्या जागा बदलून दुसरा थर नंतर चढवा, पण पहिला थर सोबतचाच ठेवा.

शाहिराचा माईक २० ते २५ सेंटिमीटरवर, ओठांच्या किंचित बाजूला. डफाचा माईक ४० ते ५० सेंटिमीटरवर, पानाला तिरका. अगदी समोर ठेवलात तर नुसता धमाका येतो, काठावरची बोटं ऐकू येत नाहीत. झांज सगळ्यांत खोडकर. ती गळ्याच्या माईकच्या पाठीमागे बसवा, कारण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक मागून सगळ्यांत कमी ऐकतो. एकदा झांज गळ्यात शिरली की शब्द उजळवताना तीही उजळते, मग इलाज नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि शाहिराची सगळ्यांत चढी आरोळी ऐकून तिचं टोक उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) बांधा. साध्या ओळीवर गेन लावून पुढे गेलात तर वीररसाच्या चौकात आवाज फाटेल.

क्लिक (हेडफोनमध्ये ठरलेल्या लयीत वाजणारी टिकटिक) लावू नका. लय चौकागणिक चढते, ती चढू द्या. टेक पक्का झाल्यावर डफाच्या समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) थापा धरून सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती चढली याचा नकाशा, काढा. नवी वाद्यं त्या नकाशावर बसवली की कीबोर्डही शाहिराबरोबर धावतो.

संयोजनाला खरी मोकळीक झिलीत आणि दोन चौकांच्या मधल्या जागेत आहे. चेलो, गिटार, ढोल तिथे हवे तेवढे वाजवा. शाहीर कथा सांगत असताना खाली फक्त षड्ज-पंचमाचा (सा-प) आधार पुरे. तिथे पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवलीत तर ती गंधार (ग) ठरवून टाकते, आणि शाहिराचा गंधार तर शब्दाच्या भावाप्रमाणे वर-खाली घसरत असतो. दोन्ही एकमेकांना बेसूर ठरवतात. बेस गिटार थापेवर न वाजवता थापेनंतर वाजवा, नाहीतर दोघांचा मिळून गाळ होतो.

मिक्सिंगमध्ये गळ्याचं १०० हर्ट्झखालचं कापा. कॉम्प्रेसर (चढा आवाज दाबणारं साधन) ३:१ ठेवून चार-पाच डेसिबलपुरताच दाबा. त्यापुढे कुजबुज आणि आरोळी सारखीच ऐकू येते. २ ते ४ किलोहर्ट्झची जागा शब्दांसाठी राखा, झांज आणि गिटारचा आवाज तिथे थोडा कमी करा. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. छोट्या स्पीकरमधून थापेचा घुमारा येतच नाही, उरतो तो काठावरचा टणत्कार. तोही ऐकू येत नसेल तर डफाचा वरचा भाग उचला. शेवटी गळा, डफ, तुणतुणं आणि झील एवढ्यांचंच एक साधं मिक्स वेगळं काढून ठेवा, आणि श्रेयनामावलीत झीलकऱ्यांची नावं शाहिराबरोबरच घाला.