सोनोग्राफीत बाळाचा ओठ बघताना या चुका टाळा

पाचव्या महिन्याच्या ॲनोमली स्कॅनला (बाळात काही दोष नाही ना, हे बघणारी सोनोग्राफी) येणारी जोडपी आधी विचारतात, "डॉक्टर, थ्रीडी फोटो मिळेल ना?" मिळेल, पण दुभंगलेला ओठ शोधायचं खरं काम साधी काळी-पांढरी टूडी सोनोग्राफीच करते. नाकपुड्या, वरचा ओठ आणि हनुवटी समोरून एका चित्रात धरायची, मग बाजूने चेहऱ्याची रेषा, मग वरच्या हिरडीची कमान. थ्रीडी त्यानंतर, शंका उरली तर. नुसत्या थ्रीडीवर विसंबलं आणि नाळ ओठावरून गेलेली असली, तर धडधाकट ओठही चिरल्यासारखा दिसतो.

घाई करू नका. परवा एका ताईंचं बाळ तोंडावरची मूठ काढेचना. म्हटलं, खाली जाऊन चहा घ्या, दोन चकरा मारून या. परत आल्या तेव्हा बाळ वळलं होतं, जांभई देत होतं, ओठ अखंड. सोनोग्राफीवाला "पुन्हा या" म्हणाला की काहीतरी लपवतोय असं समजू नका. उलट रिपोर्टात 'चेहरा नीट दिसला नाही' ही ओळ असेल, तर ती वाचून फाइल मिटू नका, तारीख घेऊनच निघा. म्हणूनच १८ ते २० आठवड्यांत आलेलं बरं, पुढच्या तपासण्यांना वेळ हाताशी राहतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: 'ओठ ठीक' म्हणजे टाळूही (तोंडाचं आतलं छत) ठीक, असं धरून चालणं. टाळू हाडांच्या सावलीत, जिभेच्या आड असते. ओठ शाबूत आणि फक्त टाळू फाटलेली असेल, तर चांगल्या यंत्रावर, अनुभवी हातातूनही ती बहुतेकदा निसटते. त्यामुळे जन्मल्यावर टॉर्चच्या उजेडात पार मागेपर्यंत टाळू बघायला सांगा. बाळ दूध ओढताना दमत असेल, दूध नाकातून येत असेल, तर त्याला 'आळशी' म्हणू नका.

दोष दिसलाच तर नुसत्या ओठावर थांबू नका. हृदय, मेंदू, बाकीचे अवयवही बारकाईने बघून घ्या. हनुवटी फार मागे असेल तर जन्मताच श्वासाला अडथळा येऊ शकतो. तेव्हा बाळंतपण एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या ठिकाणीच ठरवा.

आणि ग्रहणात काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, हा समज! "विळी हातात घेतली होतीस ना?" हे सासूबाईंचं वाक्य मी किती वेळा ऐकलंय. ओठ जुळतो पाळी चुकल्यानंतरच्या काही आठवड्यांतच. अनुवंश, तंबाखूचा धूर, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका खरोखर वाढतो. (औषध मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांत होतं, टाळूचं वर्षाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत होतं. प्लास्टिक सर्जनला बाळंतपणाआधीच भेटून या, आणि दूध पाजायची खास बाटली कशी धरायची तेही तिथेच शिकून घ्या.