सापाला उंदीर देण्याआधी

खाऊ घालायची तयारी आदल्या रात्रीपासून धरा, आणि खरं तर त्याच्याही आधी, मारून गोठवलेले उंदीर विकत घेतानाच. विकणाऱ्याला सरळ विचारा, मारता कसे? सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडत असेल, म्हणजे मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के, तर ठीक. उंदरांची नुकती जन्मलेली गुलाबी पिल्लं या वायूने मरायला फार वेळ घेतात, त्यांचं काय करता हेही विचारा. 'जिवंतच फ्रीजरमध्ये टाकतो' असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका. व्हिनेगर आणि सोडा मिसळून हा वायू घरी करायचा प्रयोगही नको. हात बसलेला नसेल तर उंदराची मान मोडायच्या फंदात पडू नका.

जिवंत उंदीर सापाच्या पेटीत सोडायचा विचार डोक्यातून काढा. पळायला वाट नसलेला उंदीर चावतो, आणि सापाच्या डोळ्याला, पाठीला झालेल्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही चालत नाही. शेजारच्या भुसार दुकानात विषाच्या वड्या टाकलेल्या असतात, त्या त्याने खाल्ल्या नसतील कशावरून?

पुण्याहून सोलापूरला मागवत असाल आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने कुणी ओळखीचं येणार असेल, तर थर्मोकोलचा डबा आणि जेलपॅक आधी त्याच्या हातात द्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. स्टेशनवरून घरी येईपर्यंत माल मऊ पडला तर पुन्हा गोठवू नका. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीजरमधला साठाही तपासा. डबा वेगळा ठेवा, झाकणावर चिठ्ठी लावा. भाजीच्या शेजारी उंदीर पाहून घरात जो गोंधळ होतो तो टाळलेला बरा.

उंदराचा आकार सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, फार तर थोडा जास्त. सापाच्या पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दोन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा. आदल्या रात्री उंदीर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट अंघोळीच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. पोट दाबून पाहा. आत गारठा लागला तर आणखी थांबा. मग कोरडा करा आणि डोकं जरा जास्त गरम ठेवा. बॉल पायथन या छोट्या आफ्रिकी अजगराच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, म्हणून तो डोक्याकडूनच पकडतो. कॉर्न स्नेक या बिनविषारी अमेरिकी सापाला या खाचा नसतात, तो वासावर येतो.

लांब चिमटा हवाच. बोटांना उंदराचा वास असेल तर सापाचा दोष नाही. कमरेकडून धरून हळूच हलवा, नाकावर आपटू नका. दिवा मंद, मुलं बाहेर, नंतर दोन दिवस सापाला हात नाही. स्वतःचे हात मात्र साबणाने धुवा, साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, ही चेष्टा नाही.

आणि साप नाग, धामण किंवा देशी अजगर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवताच येत नाही, वनविभागाला कळवा. परदेशी साप असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते का ते पाहून ठेवा. बॉल पायथनची लागते.

सापाने उंदराकडे तोंड फिरवलं तर तासाभराने एकदा पुन्हा दाखवा. तरीही नाही, तर उंदीर फेकून द्या आणि आठवडाभर विचारूच नका.