पोकळ गोठ घेताय? आधी हे बघा

गणपतीला गावी जायचं म्हणजे हातात गोठ हवेतच. पण ते भरीव आहेत की पोकळ, हे घेतानाच विचारा. पोकळ गोठ म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची नळी. दिसायला ठसठशीत आणि वजनाला हलका, म्हणून परवडतो. त्रास नंतर सुरू होतो.

माझा पोकळ गोठ पाणी शेंदताना विहिरीच्या कठड्यावर एकदाच आपटला आणि चण्याएवढा पोचा पडला. सोनाराने तो उजेडात फिरवून पाहिला. आतून ठोकून वर काढायला वाट नाही, आणि सांधायला आच लावावी तर पत्राच वितळायची भीती. पोकळ साखळीचं त्याहून वाईट: कड्या एकमेकींवर घासून झिजतात, भोक पडतं आणि साखळी तुटते. भरीव साखळीत झिजायला निदान सोनं तरी असतं.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम सतत येतो. तो, साबणाचं पाणी, समुद्राचं खारं पाणी बारीक छिद्रातून आत शिरतं, मग पुसणार कसं? सोनं गंजत नाही, पण 22 कॅरेटमध्ये सोनं 91.6 टक्केच, उरलेल्यात तांबं असलं तर ते काळवंडतं.

आत लाख भरलेली असेल तर बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. नारळ खवताना, भांडी घासताना पोकळ गोठ काढून ठेवा, आणि डब्यात त्यावर जड पाटल्या ठेवू नका. रोजच्या वापराला दोन बारीक, पण भरीव बांगड्याच घ्या.